दोरा सैल झाला की

माझ्या वडिलांनी आयुष्यात चार वस्तू शोधून काढल्या. त्यातल्या तीन कुणालाच नको होत्या.

पहिली, कपडे वाळत घालायची दोरी. कारखान्यातून आणलेल्या जुन्या चाकांवरून ती वरखाली होई. ओले कपडे टाकून ओढली की छताला जाऊन बसायची आणि खाली यायची ती एकदम, बहुतेक वेळा आई खालून जात असताना. दुसरं भाकरी दाबायचं यंत्र. आईने त्यावर एकच भाकरी केली, ती उजेडापुढे धरली आणि विचारलं, "हाई भाकर शे का पापड?" यंत्र पलंगाखाली गेलं. तिसरा होता दूध उतू जायच्या आधी पेटणारा दिवा. तो पेटायचा, अगदी वेळेवर पेटायचा. पण दिवा पाहायला जो शेगडीपाशी उभा असेल त्याला दूधही दिसतंच, हे बाबांना पटायला बरेच दिवस लागले. पटलं तेव्हाही ते रुसले होते.

आई म्हणायची, "या मानोसले बठता येतच नही." आणि ते खरंच होतं. बाबांना रिकामं बसता येत नसे आणि कुणी एकच काम पुन्हा पुन्हा करत असलेलं पाहवत नसे. मग ते उठत, डब्यातून तार काढत आणि आमच्या शांत संसारात एखादी नवी अडचण उभी करत.

हे सगळं आठवायला निमित्त झालं आमच्या शाळेचं. मी सुरतेत महापालिकेच्या शाळेत प्राथमिकला शिकवते. मध्यंतरी विज्ञानाच्या कार्यक्रमात मुलांपुढे बोलायचं माझ्यावर आलं. विषय होता, माणसं नवे शोध का लावतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बेन, बाळकोने कंईक प्रेरणादायक कहेजो." मुलांना काहीतरी स्फूर्ती देणारं सांगा, असं. मी सांगितलं जे सगळे सांगतात ते. कुतूहल, जिद्द, देशाची प्रगती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र खाली बसताना लाज वाटली, कारण मी ज्या एकाच शोधकर्त्याला जवळून पाहिलंय त्याला देशाच्या प्रगतीशी काहीही देणंघेणं नव्हतं. त्याची चौथी वस्तू कशासाठी जन्माला आली ते मला नीट माहीत होतं, आणि ते मी मुलांना सांगितलं नाही.

बाबा तरुणपणी धुळ्याकडून इथे आले आणि कतारगामच्या एका खात्यात लागले. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात. पुढे शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत नव्या मशिनी आल्या तसे तिकडे गेले, आधी कारागीर म्हणून आणि मग मशिनी दुरुस्त करणारे म्हणून. खात्यात शेकडो लूम एकदम खडखडतात. तिथे माणसाच्या आवाजाला काही किंमत नसते. कारागीर एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलतात, हातांनी खुणा करतात. बाबांचे कान हळूहळू गेले. त्यांना स्वतःलाही ते कळलं नाही, कारण ओठ वाचायची सवय आधीच लागलेली होती.

आई कधी खात्यात गेली नाही, पण ती भाषा तिने घरात बसून उचलली. बाबांशी बोलताना ती आवाजच काढत नसे. नुसते ओठ हलवायची, सावकाश आणि स्वच्छ. बाबा मात्र बहिऱ्या माणसासारखे घसा फोडून बोलत. त्यामुळे आमच्या घरच्या भांडणात एकच बाजू बाहेर ऐकू जाई. बाबा ओरडतायत आणि आईचा चकार शब्द नाही. कोसाडच्या आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका आईला फार सोशिक समजत. ती बिनआवाजाने काय काय बोलायची ते आम्हा दोघा भावंडांनाच ठाऊक.

आम्ही बाबांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, यात भांडी ऐकू येतात, रिक्षा ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना ज्या माणसाचं ऐकायचं होतं ते त्यांना तसंही ऐकू येत होतं.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला.

डावी बाजू गेली. जीव वाचला, घरी आली, उजवा हात चांगला होता, समजत सगळं होतं. पण तोंड वाकडं झालं. ओठांची डावी बाजू हलेचना. शब्द जड आणि ओले निघायचे. मला कान होते म्हणून दोनदा विचारून का होईना कळायचं. बाबांना तिचे ओठ वाचता येईनात.

हे आमच्या कुणाच्याच आधी लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले, पथ्य सांगितलं. या दोघांचं बोलणं संपलंय हे कोण सांगणार? एके दिवशी मी पाहिलं, आई काहीतरी म्हणत होती आणि बाबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ती पुन्हा म्हणाली. बाबांनी मान डोलावली, आत गेले आणि पाणी घेऊन आले. ती खिडकी लावायला सांगत होती, ऊन डोळ्यावर येत होतं. तिने पाणी घेतलं, थोडं प्यायली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी सांगावं म्हणून. इतक्या वर्षांत त्यांना आईचं बोलणं कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. मला तिथे थांबवेना, मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले.

माझं घर शेजारच्याच इमारतीत आहे. सकाळचं सगळं मी करत होते. पण माझी शाळा दुपारची. दुपारभर घरात ही दोघंच. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही. बाबा गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात असले तर आई आत काय करतेय हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. एकदा ती उशीवरून घसरून पलंगाच्या कडेला लोंबकळत राहिली होती. बाबा पलीकडे तांदूळ निवडत होते. मी आले तेव्हा तिच्या गळ्यातून घरघर येत होती आणि ते पाठमोरे.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो. त्याला हे कळलं आणि त्याने ठरवून टाकलं. "ताई, आखाजी झाली की आईला मी इकडे घेऊन येतो. बाई ठेवू. बाबांना एक खोली नाही देता येणार लगेच, पण बघू पुढे. ते तिथे तुझ्याजवळ राहतील." आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. तो चुकीचं बोलत नव्हता. त्याचा फ्लॅट लहान, मुलांची शाळा, बायकोची नोकरी. आईला माणूस हवं होतं आणि ते तो देत होता. मी हो म्हटलं. बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी त्यांच्यासमोर बसून सावकाश सांगितलं. त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. आमच्याकडे घसा फोडून न बोललेले बाबा मी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते डबा उघडून बसले.

आता लूमवर काय होतं ते थोडं सांगते, म्हणजे त्यांनी केलेला घोळ कळेल. नव्या लूमवर ताणलेल्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पट्टी लटकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालच्या पत्र्याला टेकते आणि मशीन आपोआप थांबतं. मग कारागीर जाऊन बघतो कुठला धागा गेला. बाबांचं सगळं आयुष्य या पट्ट्यांच्या मागे धावण्यात गेलं.

त्यांनी तीच पट्टी घरी आणली. आईच्या पलंगाशेजारी भिंतीला खालच्या बाजूला हुक मारला, त्यातून नायलॉनचा दोरा घेतला आणि त्याच्या टोकाची कडी आईच्या उजव्या हाताच्या बोटात घातली. दोऱ्यावर पट्टी, पट्टीखाली पत्रा. मोबाइलच्या जुन्या चार्जरवरून तारा काढल्या आणि दिवाळीच्या माळेतले लाल दिवे जिथे जिथे त्यांचा वावर असतो तिथे तिथे लावले. एक गॅलरीत, एक गॅसच्या वर, एक चक्क न्हाणीघरात. मी शाळेतून आले तर बाबा लहान मुलासारखे दारातच उभे.

"देख," ते ओरडले. आईने हात उशीवर ठेवला होता, दोरा ताठ होता. दिवे बंद. तिने हात जरा खाली सोडला. दोरा सैल पडला, पट्टी टिक् करून खाली आली आणि घरभर लाल दिवे पेटले.

मी म्हटलं, "बाबा, हे उलटं झालंय. तिने ओढलं की दिवा लागायला हवा. हे तर सोडलं की लागतंय."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले होते. दोरा ताठ म्हणजे सगळं ठीक, दोरा सैल म्हणजे जाऊन बघायचं. याच्यात उलटं काय? दुसऱ्या कुठल्याही माणसाने घंटेची दोरी केली असती. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात ती आलीच नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. आईला दुपारी डुलकी लागायची. डुलकी लागली की हात ओघळायचा, दोरा सैल पडायचा, दिवे पेटायचे आणि बाबा हातातलं टाकून पळत यायचे. बघतात तर ती झोपलेली. मग दोरा काढून ठेवायचा, ती जागी झाली की परत बोटात घालायचा. हात हलला, पेटला दिवा. कूस बदलायचा प्रयत्न केला, पेटला दिवा. पोळी करपली, नळ वाहत राहिला, एकदा तर अंगाला साबण लावलेला तसाच टॉवेल गुंडाळून बाबा बाहेर आले. समोरच्या ओडिया कुटुंबातल्या सासूबाई दारातून हे पाहून हसून हसून खाली बसल्या.

मी भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तोही हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "ताई, ते थकतील अशानं." त्याने पुण्याहून ऑनलाइन एक घंटी पाठवली. आईजवळ बटण, बाबांच्या खिशात थरथरणारी डबी. आधुनिक, सुबक, आणि दाबलं की चालायची. मी आईला शिकवलं, तिने दाबून दाखवलं, बाबांच्या खिशात थरथर झाली. प्रश्न मिटला असं मला वाटलं.

नंतरच्या दिवसांत ती डबी एकदाही थरथरली नाही. मी पाहिलं तर बटण उशीखाली सरकवलेलं आणि बोटात बाबांचीच कडी. मी चिडले. "आई, पाणी हवं असलं, उताणं व्हायचं असलं, दाबायचं ना! का दाबत नाहीस?"

मला उत्तर माहीत असायला हवं होतं. माझी आई आयुष्यात कुणाला हाक मारून पाणी मागणारी बाई नव्हे. ताप असला तरी उठून स्वतः घ्यायची. हाक मारणं म्हणजे मागणं, आणि मागायचं तिच्या अंगातच नव्हतं. ते गुळगुळीत बटण दाबायचं म्हणजे नवऱ्याला कामाला लावायचं. ते तिने मरेपर्यंत केलं नसतं. बाबांच्या दोऱ्यात मागावं लागत नव्हतं. नुसतं सोडून द्यायचं होतं.

बाबांना हे ठाऊक होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. मी त्यांना एकदा थेट विचारलं, दोरा उलटा का करत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी आधी वैतागून हात झटकला. मग म्हणाले, "मशीन हाक मारत नही. थांबी जास." त्यांनी आईकडे बोट दाखवलं. "जिले हाकच मारता येत नही, ती काय करी?"

त्या दिवशी ती पलंगाच्या कडेला लोंबकळत होती आणि हे पलीकडे तांदूळ निवडत होते, तो दिवस ते विसरले नव्हते. त्यांना तिची हाक ऐकायची नव्हती. हाक मारायचीही ताकद राहिली नाही तर ते कसं कळावं, याचा त्यांना घोर लागला होता. कुतूहल वगैरे काही नाही. भीती होती. आणि ती भीती तिच्यावर जीव होता म्हणून होती, हे मी इथे सरळ लिहून टाकते, कारण ते दोघं कधी बोलले नसते.

हळूहळू त्या दोऱ्यात काहीतरी बदललं. म्हणजे वस्तू तीच, पण आई ती वापरायला शिकली. सुट्टीच्या एका दुपारी मी तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले होते. आई टक्क जागी होती. बाबा गॅलरीत कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलेले. तिने माझ्याकडे बघितलं, बोट वाकवलं आणि कडी अलगद सोडली. टिक्. बाबा धावत आले, पान्हा हातात. तिचा चेहरा पाहिला, चादर पाहिली, उशी पाहिली. काही झालेलं नव्हतं. आईच्या ओठांची उजवी बाजू हसत होती.

"काम नही ना, तं कसाले बलावस?" बाबा ओरडले. सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असेल. कडी परत बोटात घातली आणि रागारागाने गेले. पण जाताना तिची बट कानामागे सारून गेले. मी घड्यांवरून मान वर केली नाही.

असं मग रोजच व्हायला लागलं. ती सोडायची, ते यायचे, ओरडायचे, जायचे. त्यांचं भांडण परत सुरू झालं होतं. शेजारणी परत आईला सोशिक म्हणायला लागल्या.

आखाजीला भाऊ आला. गाडी घेऊनच आला होता, मागची सीट काढून गादी घालायची तयारी करून. त्याने दोऱ्याचं ते प्रकरण प्रत्यक्ष पाहिलं आणि मान हलवली. त्याने बाबांना दुखवलं नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "ताई, हे खेळणं आहे. याच्या भरवशावर आईला ठेवायचं?" दुपारी शाळेत असताना माझा जीव घरातच असायचा, हे मला कबूल करायलाच हवं होतं. मी तिची औषधं पिशवीत भरायला घेतली.

सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तो आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. मी दारात पिशवी घेऊन उभी. बाबा गॅलरीत मेथी निवडत होते. भाऊ पुण्यात कितीही शुद्ध बोलू दे, आईजवळ आला की तो आमच्या बोलीवर येतो. तिचा हात थोपटत म्हणाला, "आई, येशी ना मनासंगे पुण्याले?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं. तिचे ओठ हलले आणि जड, ओला असा एक शब्द निघाला. भाऊ पुढे वाकला, कपाळाला आठ्या घालून ऐकायला लागला. "काय? परत सांग." ती परत म्हणाली. त्याला कळलं नाही. तो माझ्याकडे वळला. मलाही कळलं नव्हतं.

आईने बोलायचं सोडून दिलं. तिने बोट वाकवलं आणि कडी सोडली.

बाबा आले. सदऱ्याला मेथीची पानं चिकटलेली. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलंही नाही. तिचा चेहरा, उशी, चादर, खिडकीतलं ऊन. उन्हाची तिरीप तिच्या गालावर आली होती. त्यांनी पडदा ओढला, तिच्याकडे बघून भुवई उडवली, तिने पापण्या मिटल्या उघडल्या. कडी बोटात घालून ते परत गेले. या सगळ्यात कुणी एक अक्षर बोललं नाही, बाबासुद्धा ओरडले नाहीत.

आईने पुन्हा भावाकडे बघितलं. रोज कडी सोडताना हसायची तशी ती आता हसत नव्हती. त्याच्या डोळ्यांत बघत बघत तिने दुसऱ्यांदा कडी सोडली.

बाबा गॅलरीत पोचलेही नसतील. तसेच मागे फिरले, त्याच घाईने, जणू मघाचं काही घडलंच नव्हतं.

भाऊ खुर्चीवरून उठला. त्याने बाबांना दंडाला धरून तिथे बसवलं, त्यांना ओठ दिसावेत म्हणून समोर वाकला आणि सावकाश म्हणाला, "बाबा, मी एकलाच जास."